वाचकांचे प्रश्न : पत्रिका उघडली आणि खातं रिकामं झालं

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये फोनवरून झालेल्या फसवणुकीचीच पत्रं जास्त होती, म्हणून हा अंक त्यालाच दिला आहे. मी सांगलीत ३३ वर्षं बँकेत नोकरी केली, शेवटची बरीच वर्षं ठेवींच्या काउंटरवर. तिथं जे पाहिलं त्याच्या आधारानं लिहिते आहे. पत्रं थोडक्यात दिली आहेत. ओळख पटेल असा तपशील काढला आहे.

ताई, मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार. यंदा माल बेदाण्याला टाकला होता. विक्रीच्या पट्टीचे पैसे जमा झाले आणि चौथ्या दिवशी चुलतभावाच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपला लग्नपत्रिका आली. उघडायला गेलो तर काहीच दिसेना. दोन-तीनदा दाबलं, मग नाद सोडला. दुसऱ्या दिवशी अडत्याला पैसे द्यायला गेलो तर खात्यातून १ लाख ८६ हजार गेलेले. बँकेचा एकही मेसेज दिसला नाही. ओटीपी मी कुणालाही सांगितलेला नाही, देवाशपथ. घरात मात्र सगळे म्हणतात, तूच कायतरी केलं असशील.

दादा, हे उत्तर घरच्यांना वाचून दाखवा. तुम्ही ओटीपी कुणाला सांगितला नाही हे खरं आहे. तरीही तो चोराला मिळाला, हेही खरं आहे.

तुमच्याकडं आली ती पत्रिका नव्हतीच, ते अ‍ॅप होतं. अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप बसवायची जी फाइल असते तिच्या नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ असतं. पत्रिकेचा फोटो असेल तर शेवटी जेपीजी, कागद असेल तर पीडीएफ. आपण नावाचा पुढचा भाग वाचतो, ‘लग्नपत्रिका’, आणि शेपटीकडं बघत नाही. दोन-तीनदा दाबलं म्हणता, त्यातल्या एका वेळी फोननं विचारलं असणार की अनोळखी ठिकाणाहून आलेलं हे अ‍ॅप बसवू का. पुढं विचारलं असणार की त्याला एसएमएस वाचू देऊ का. पत्रिका बघायच्या नादात माणूस ‘अलाऊ’ दाबत जातो. एवढं झालं की तुमच्या फोनवर येणारा प्रत्येक मेसेज चोराच्या फोनवरही उमटतो. मग ओटीपी विचारायला त्याला तुमच्याशी बोलावंही लागत नाही. अशी काही अ‍ॅप्स आलेला मेसेज तुमच्यापासून लपवतात. बँकेचे मेसेज तुम्हाला दिसले नाहीत ते बहुतेक त्यामुळंच.

आणि चुलतभावावर राग धरू नका. त्याच्या फोनमध्ये हेच अ‍ॅप आधी शिरलं असणार आणि तिथून सगळ्या नंबरांना आपोआप गेलं असणार. ही युक्ती जुनी आहे. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून एक ईमेल निघाली आणि एक-दोन दिवसांत जगभर पसरली. विषयात लिहिलेलं, ‘आय लव्ह यू’. सोबत जोडलेल्या फाइलचं नाव असं रचलं होतं की खरी शेपटी झाकली जायची आणि ते साधं प्रेमपत्र वाटायचं. उघडलं की ते त्या माणसाच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना स्वतःच जायचं. मोठमोठ्या कचेऱ्यांतल्या शिकल्यासवरल्या लोकांनी ते उघडलं, कारण पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं होतं. तेव्हा प्रेमपत्र होतं, आता पत्रिका आहे.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला फार लागली. तुम्ही लिहिलंय, ‘मला लोभ नव्हता हो ताई.’ नव्हताच. आपल्याकडं भावकीतली पत्रिका आली आणि बघितली नाही, तर पुढं दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. पूर्वी घरचं माणूस दारात येऊन अक्षता द्यायचं, आता पत्रिका फोनवर येते. पण ‘आम्हाला सांगितलं नाही’ आणि ‘सांगूनही आला नाहीत’ हे दोन्ही रुसवे तसेच आहेत. चोरानं बोट ठेवलं ते या रीतीवर. म्हणून फसवणूक होते ती फक्त हावरटांची, असं जे चारचौघांत बोललं जातं ते मला पटत नाही. माझ्या काउंटरवर रडलेल्यांपैकी बहुतेक जण रीतीनं वागणारी माणसं होती.

आता करायचं काय? तो फोन अजून वापरत असाल तर आधी त्यातलं सिम काढा आणि वायफाय बंद करा, म्हणजे चोराकडं जाणारी वाट बंद होईल. दुसऱ्या फोनवरून १९३० ला फोन करा. ही सरकारची सायबर फसवणुकीची मदतवाहिनी आहे. नुसतं ‘पैसे गेले’ सांगून भागत नाही. बँकेचं नाव, खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख-वेळ, रक्कम आणि प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक समोर ठेवा. यूपीआयचा तो क्रमांक १२ आकडी असतो. पासबुक भरून घेतलंत तर त्यावर दिसेल, नाहीतर शाखेतून मागून घ्या. तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला कळवलं जातं आणि पैसे तिथं असतील तर ते रोखून धरले जातात. पुढच्या खात्यात गेले असतील तर तिथं शोध घेतात. चोर रक्कम तासाभरात पाच-सात खात्यांत फिरवतो आणि शेवटी एटीएममधून काढतो. म्हणून पहिल्या तासाला फार किंमत आहे. तुमचा तो तास गेला, तरी तक्रार करायचीच. मधल्या एखाद्या खात्यात काही रक्कम अडकलेली असू शकते आणि ती परत मिळू शकते.

बँकेलाही लेखी द्या आणि पोच घ्या. पोचेवर तारीख आणि वेळ हवी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलंय की ग्राहकाच्या चुकीनं पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते नुकसान बँकेचं. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसंच परिपत्रक निघालं. ‘साहेब जेवायला गेलेत, नंतर या’ असं कुणी सांगितलं तरी पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

फोन जाणकाराकडून पूर्ण रिसेट करून घ्या, त्यातले फोटो आधी दुसरीकडं काढून ठेवा. पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या फोनवरून बदला. आणि तुमच्या नंबरवरून ज्यांना ती पत्रिका गेली असेल त्यांना आजच फोन करून सांगा, मेसेज नको.

ताई, माझे वडील निवृत्त शिक्षक, सांगलीत विश्रामबागला राहतात. मी पुण्यात असते. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’ असा फोन आला, मग व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, मग कोर्टाचं पत्र. दोन दिवस त्यांनी बाबांना कॉल बंद करू दिला नाही. आई शेजारच्या खोलीत होती, तिलाही सांगितलं नाही. ठेव मोडून पैसे पाठवले. आता बाबा कुणाशी बोलत नाहीत, फिरायला जात नाहीत. एकदाच म्हणाले, ‘मी पोरांना गणित शिकवलं आणि मला साधा हिशेब कळला नाही.’ त्यांच्याशी कसं बोलू?

ताई, आधी कायद्याचं एका दमात सांगते. ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे फोनवरच अटक, अशी गोष्ट भारताच्या कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, ईडी, न्यायालय यांपैकी कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. ‘तपासणीसाठी’ कुणाच्या खात्यात पैसे भरायला सांगत नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हेच सांगितलं होतं: थांबा, विचार करा, मग कृती करा. त्याच वर्षी पंजाबातल्या एका मोठ्या कापड उद्योगाच्या ८२ वर्षांच्या अध्यक्षांकडून याच पद्धतीनं ७ कोटी रुपये नेले गेले. त्यांना तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली होती. ज्यांच्या हाताखाली वकिलांची फौज असते, ते त्या दोन दिवसांत एकटे पडले. हे बाबांना जरूर सांगा.

आता थोडं काउंटरवरचं. हे मी आजवर लिहिलं नव्हतं.

निवृत्तीच्या आधीच्या पावसाळ्यात सत्तरीपुढचे एक गृहस्थ आले. ठेवीच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. ठेव मोडायची आणि आरटीजीएस करायचं म्हणाले. मी म्हटलं, ‘काका, मुदत दोन महिन्यांवर आलीय, आत्ता मोडली तर व्याज जाईल की.’ त्यांनी उत्तर देण्याआधी शर्टाच्या खिशाकडं पाहिलं. खिशात फोन होता, कॅमेऱ्याचा भाग खिशाच्या वर आलेला, आणि त्यावर त्यांचं एक बोट हलकंसं टेकलेलं. मग म्हणाले, ‘मुलाला फ्लॅट घ्यायचाय.’ पाठ केलेल्या कवितेसारखं, एका सुरात. ज्या नावानं पैसे पाठवायचे होते ते कुठल्यातरी ट्रेडिंग कंपनीचं होतं. फ्लॅटचे पैसे ट्रेडिंग कंपनीला कशाला, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. मागं रांग होती, छत्र्यांचं पाणी फरशीवर साचलेलं, कुणीतरी ‘ओ मॅडम, किती वेळ’ म्हणालं. मी सही तपासली आणि फॉर्म पुढं सरकवला.

चार दिवसांनी ते बायकोला घेऊन आले. तेव्हा कळलं की त्या खिशातून पलीकडचा माणूस माझं सगळं बोलणं ऐकत होता. मी तो खिसा पाहिला होता. तेव्हापासून शाखेतल्या नव्या मुलींना मी सांगत आले: ज्येष्ठ माणूस घाईनं मोठी ठेव मोडत असेल आणि फोनकडं बघून उत्तरं देत असेल, तर तोंडानं काही विचारू नका. स्लिपच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहा, ‘फोनवर कुणी आहे का? तुम्हाला धमकी आहे का?’ आणि कागद त्यांच्याकडं फिरवा. रांगेला थांबू द्या.

तुमच्या बाबांचं नेमकं काय झालं असेल ते यातूनच मला दिसतं. त्या लोकांनी आधी एक खरी गोष्ट सांगितली असेल. नाव, पत्ता, आधारचे शेवटचे आकडे. ही माहिती कुठून कुठून फुटून विकली जाते, पण ऐकणाऱ्याला वाटतं, एवढं माहीत आहे म्हणजे सरकारीच असणार. मग भीती, आणि त्या भीतीला विचार करायला फुरसत मिळू नये म्हणून न तुटणारा कॉल. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, ‘घरात कुणाला सांगू नका, नाहीतर तेही अडकतील.’ बाबांनी आईला सांगितलं नाही ते तिला वाचवण्यासाठी. वर आणखी एक. लबाड माणसावर आळ आला तर तो म्हणतो, सिद्ध करा. प्रामाणिक माणसाला आपण स्वच्छ आहोत हे दाखवायची घाई असते. आयुष्यभर कुणाचा रुपया ज्यांनी ठेवला नाही, त्यांना ‘पैसे तपासून परत देतो’ हे बोलणं पटतं, कारण त्यांच्याकडं लपवायला काही नसतं. गणित येण्या-न येण्याशी याचा काही संबंध नाही.

बोलताना ‘तुम्हाला कळलं कसं नाही’ आणि ‘एक फोन तरी करायचा’ ही दोन वाक्यं टाळा. आईलाही सांगून ठेवा. त्याऐवजी विचारा, त्या दोन दिवसांत जेवलात का, झोपलात का. उत्तर येईल. हळूहळू सगळंच येईल. मग वही घ्या आणि तारीख-वेळेनं लिहून काढू असं म्हणा: पहिला फोन किती वाजता, माणसानं नाव काय सांगितलं, मागं भिंतीवर काय दिसत होतं, कुठल्या नंबरवरून कोर्टाचं पत्र आलं. पोलिसांना हे लागतंच. शिवाय शिक्षक माणूस आहे, टिपण काढायला बसला की हातात खडू आल्यासारखं होईल. तक्रारीला जाताना बाबांना पुढं बसवा, बोलू त्यांना द्या.

आणखी एक सावधगिरी. फसलेल्यांचे नंबर या टोळ्या पुढं विकतात. थोड्या दिवसांनी कुणी वकील किंवा अधिकारी बनून फोन करेल, ‘तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला इतकी फी भरा.’ तोही चोरच. हे बाबांना आत्ताच सांगा, कारण त्या फोनची ते वाट बघत असतील.

माझा मुलगा पुण्याला हॉस्टेलवर. त्याच्या आवाजात रडत फोन आला, ‘आई, माझ्याकडून अपघात झालाय, पोलीस पैसे मागतायत.’ नशिबानं तो तेव्हा सुट्टीला घरीच, माझ्यासमोर जेवत होता. आवाज तोच होता हो ताई. हे कसं? — कवठेमहांकाळ

मावशी, आवाजाची नक्कल करणारी यंत्रं आता सहज मिळतात. एखाद्यानं इन्स्टाग्रामवर टाकलेल्या छोट्याशा व्हिडिओतला आवाजही त्यांना पुरतो. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये एका कंपनीच्या कर्मचाऱ्यानं व्हिडिओ मीटिंगमध्ये आपल्या साहेबांचे आणि सहकाऱ्यांचे चेहरे बघितले, आवाज ऐकले आणि कोट्यवधी रुपये पाठवून दिले. मीटिंगमधला त्याच्याशिवायचा एकही माणूस खरा नव्हता. तेव्हा ‘आवाज तोच होता’ ही खूण आता धरू नका.

दोन गोष्टी करा. असा फोन आला की ठेवा आणि मुलाच्या तुमच्याकडं असलेल्या नंबरवर स्वतः लावा. नाही लागला तर त्याच्या मित्राला, हॉस्टेलला लावा. आणि घरात एक शब्द ठरवा, संकटात पैसे मागणाऱ्यानं तो सांगायचा. आमच्या घरी माहेरच्या एका म्हशीचं नाव आहे. ती जाऊन चाळीस वर्षं झाली, इंटरनेटवर ते कुठंही सापडायचं नाही. तुमचा शब्द मात्र मला कळवू नका, आणि फोनमध्ये लिहूनही ठेवू नका.

लाडकी बहीणच्या ई-केवायसीची लिंक बचत गटाच्या ग्रुपवर आली आहे. ‘आज शेवटचा दिवस’ लिहिलंय. भरू का? — कुपवाड

त्या लिंकवर नको. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’नं संपतो. मध्येच कुठंतरी ‘गव्ह’ लिहिलेलं चालत नाही, सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन रेघा सोडून जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या अगदी आधी तेच हवं. जमत नसेल तर अंगणवाडी सेविकेला विचारा. ‘आज शेवटचा दिवस’ हे वाक्य दिसलं की उलट एक रात्र थांबा. आणि ग्रुपवर ज्या बाईनं ती लिंक टाकली तिला सगळ्यांसमोर बोलू नका, बाजूला घेऊन सांगा. तिनंही कुणाच्या तरी भल्यासाठीच टाकली असेल.

मी मिरजेत शिकतो. एका मुलानं सांगितलं की बँक खातं आणि एटीएम कार्ड वापरायला दिलं तर महिन्याला ५ हजार मिळतात. मी मागच्या आठवड्यात दिलं, सिमसुद्धा दिलं. आता तुमच्या सदरातलं मागचं एक उत्तर वाचून भीती वाटते. मी काही चुकीचं केलं का?

हो, बाळा, केलंस. तुला दुखेल, पण स्पष्ट सांगते.

वर तासगावच्या दादांचं पत्र आहे. त्यांची बेदाण्याची पट्टी आणि विश्रामबागच्या गुरुजींची ठेव ज्या खात्यांतून फिरली, ती अशीच कुणाकुणा विद्यार्थ्यांची, मजुरांची, गरजू माणसांची खाती असतात. चोर स्वतःच्या नावावर काही घेत नाही. पोलीस व्यवहाराचा माग काढत येतात तेव्हा कागदावर नाव तुझं असतं, फोटो तुझा, आधार तुझं, पत्ता तुझ्या आईवडिलांचा. ‘मला माहीत नव्हतं’ हे तुला न्यायालयात सिद्ध करत बसावं लागेल, आणि शिष्यवृत्ती ज्या खात्यात येते ते गोठेल ते वेगळंच. तुला पैशांची अडचण असणार, मेसचे पैसे थकले असतील, घरी मागवत नसेल. हेच ओळखून त्या मुलानं तुला गाठलं. तोही बहुतेक कुणाच्यातरी हातातला आहे.

पण तू आपणहून लिहिलंस, आणि आठच दिवस झालेत. त्या मुलाशी झालेलं सगळं चॅट जपून ठेव, एकही मेसेज पुसू नकोस. त्याला काही कळवू नकोस, भांडायलाही जाऊ नकोस. सिम कंपनीच्या गॅलरीत जाऊन तुझ्या नावाचं ते सिम बंद कर. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तुझ्या नावानं आणखी किती सिम चालू आहेत तेही बघ, तुझ्या आधारवर दुसरं काढलेलं असू शकतं. मग बँकेत लेखी अर्ज दे: कार्ड दुसऱ्याकडं आहे, खात्यातले सगळे व्यवहार थांबवा, या तारखेपासूनचे व्यवहार माझे नाहीत. खात्यात पैसे पडलेले दिसले तर एक रुपयाही काढू नकोस, ते कुणाचेतरी आहेत. पोच घे आणि त्याच दिवशी ती घेऊन पोलीस ठाण्यात जा. एकटा जाऊ नकोस. वडिलांना सांगायची हिंमत होत नसेल तर आधी मामाला सांग, कॉलेजातल्या एखाद्या सरांना सांग, पण कुणालातरी आज रात्रीच सांग. ओरडतील, रात्रभर बोलतीलही. तरी सकाळी तुझ्याबरोबर येतील.

तुझी शाखा दहाला उघडते. साडेनऊला दारात जाऊन थांब.